सरासरी काढली की व्हाइट अल्बम मार खातो. अल्बमला गुण द्यायचे तरी कसे?

रोजमेळ

मंडळी, जुने पॉप-रॉक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, क्रम न मोडता ऐकायला घेतले आहेत. यातली गाजलेली गाणी आपण सगळ्यांनीच इकडून तिकडून ऐकलेली असतात. पण 'हॉटेल कॅलिफोर्निया' तोंडपाठ असलेल्या माणसाला त्याच अल्बमच्या दुसऱ्या बाजूवर काय आहे असं विचारलं, तर तो हमखास विषय बदलतो. मीही त्यातलीच. म्हणून हा उद्योग.

माझा पेशा हिशेबाचा, त्यामुळे वही आलीच. प्रत्येक गाण्याला दहापैकी गुण, सगळ्यांची बेरीज, भागिले गाण्यांची संख्या, की झाले अल्बमचे गुण. पद्धत स्वच्छ आहे, उत्तरं मात्र भलतीच येतात.

मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' (१९८२) घ्या. नऊ गाणी, जेमतेम बेचाळीस मिनिटं, नवातली सात सिंगल म्हणून, म्हणजे सुटी, निघालेली. माझ्या वहीत सरासरी ८.०. मग बीटल्सचा १९६८ चा पांढऱ्या कव्हरचा जोडअल्बम. तीस गाणी. त्यात 'वाइल्ड हनी पाय' नावाचा मिनिटभराचा चाळा आहे, त्याला ३. 'रेव्होल्यूशन ९' म्हणजे आठ मिनिटांहून जास्त चालणारी टेपच्या तुकड्यांची गोधडी, तिला २. सरासरी ६.९. आता मला कोणी म्हणालं की यातला एकच ठेव, तर मी क्षणाचाही विचार न करता व्हाइट अल्बम ठेवेन. मग वही खोटं बोलते की मी?

त्याहून विचित्र प्रकार पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'चा. पहिला ट्रॅक 'स्पीक टु मी' हे गाणंच नाही. हृदयाचे ठोके, घड्याळं, गल्ल्याची खणखण, कोणाचं तरी हसणं, मग एक किंकाळी आणि त्या किंकाळीतून 'ब्रीद' उमलतं. सुटं म्हणून मी त्याला ४ दिले. बाकीच्या नवांची बेरीज ८०, म्हणजे दहा ट्रॅकचे मिळून ८४ आणि सरासरी ८.४. पण काही सीड्यांवर 'स्पीक टु मी' आणि 'ब्रीद' मिळून एकच ट्रॅक केलेला आहे. तिथे त्या जोडट्रॅकला मी 'ब्रीद'चेच ९ देईन, बेरीज ८० राहील, भागायचं नवाने, सरासरी ८.९. संगीत तेच, कान तेच, सीडी बनवणाऱ्याने ट्रॅकची खूण कुठे मारली यावर अर्धा गुण इकडचा तिकडे. हिशेबात असं निघालं असतं तर मी त्या खात्यावर सहीच केली नसती.

आणि मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'ने (१९७१) तर पद्धतीचे बाराच वाजवले. पहिल्या बाजूची सहाही गाणी एकमेकांत वाहत जातात. एक संपून दुसरं कधी सुरू झालं ते पडद्यावर नाव बदललं म्हणून कळतं. गुण कुठे थांबवायचे?

शेवटची शंका. गुण देताना अल्बमचं ऐतिहासिक महत्त्व धरायचं का? बीटल्सचा 'सार्जंट पेपर' रोलिंग स्टोन मासिकाच्या २००३ च्या यादीत पहिला होता, २०२० च्या यादीत चोविसावा, आणि पहिल्या जागी 'व्हॉट्स गोइंग ऑन'. १९६७ साली बाहेर पडलेल्या ध्वनिमुद्रणात मधल्या सतरा वर्षांत एक मात्रा इकडची तिकडे झालेली नाही. मग तेवीस पायऱ्या कोण उतरलं?

"आनंद घ्या, गुण कसले देताय" असं सांगणाऱ्यांना आधीच नमस्कार. मला गुण देण्यातच आनंद आहे.

---

बाजू_दुसरी

वही खोटं बोलत नाही, तुम्ही तिला चुकीचं एकक दिलंय. या अल्बमांचं एकक गाणं नाही, बाजू आहे.

तबकडीच्या एका बाजूवर चांगल्या आवाजात साधारण वीस-बावीस मिनिटं मावतात. जास्त कोंबली तर खाचा जवळजवळ घ्याव्या लागतात आणि आवाज दबतो. त्यामुळे त्या काळचा प्रत्येक निर्माता वीस मिनिटांचे दोन अंक रचत होता. अंकाची सुरुवात आणि शेवट त्याच्या हातात. मध्यंतरात ऐकणारा उठणार, तबकडी उलटणार, सुई ठेवणार, हेही त्याला माहीत.

आणखी एक गोष्ट. तबकडी फिरते मिनिटाला ३३⅓ फेरे, बाहेरच्या कडेलाही तेवढेच आणि लेबलाजवळही तेवढेच. पण आतल्या फेऱ्याचा परीघ लहान, म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाला खाच कमी मिळते. तिथे झांजांचे, 'स'कारांचे वरचे सूर फाटतात. म्हणून बाजूच्या शेवटी शांत गाणं टाकणं सोयीचं असे. हा नियम नव्हे. 'सार्जंट पेपर'चा शेवट 'अ डे इन द लाइफ'ने होतो आणि त्यात अख्खा वाद्यवृंद तळापासून वर चढत जातो. पण मग तो शेवट अडचण पत्करून तिथे ठेवलाय, हे तुमच्या गुणांत यायला नको?

आता बीटल्सचाच 'ॲबी रोड' (१९६९) ऐका. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं 'आय वाँट यू (शीज सो हेवी)'. पावणेआठ मिनिटांच्या वर. शेवटची तीनेक मिनिटं एकच गिटारची ओळ, पुन्हा, पुन्हा, पुन्हा, आणि तिच्यावर मूग सिंथेसायझरचा वाऱ्यासारखा खरखराट चढत जातो. वाटतं आता हळूहळू विरेल, सगळी गाणी विरतात तसं. ते विरत नाही. ओळीच्या मधेच टेप कापलीय. तबकडीवर यानंतर काय होतं? काहीच नाही. सुई खरखरते. तुम्ही उठता, तबकडी उलटता, आणि मग 'हिअर कम्स द सन'ची ती मोकळी गिटार येते. मोबाइलवर हे दोन सेकंदांत उरकतं. कापलेल्या टोकाची धग लागायच्या आत सूर्य उगवून मोकळा.

'आय वाँट यू'ला सुटे गुण किती द्याल? पाच? सहा? कंटाळवाणं आहे म्हणाल. बाजूचा शेवट म्हणून ऐकलंत तर आकडा बदलेल.

तर माझं म्हणणं: प्रत्येक बाजू सलग ऐका, त्या बाजूला एकच आकडा द्या. साध्या अल्बमला दोन आकडे, जोडअल्बमला चार. डार्क साइडचा गोंधळ आपोआप मिटतो, कारण पहिली बाजू 'स्पीक टु मी'च्या ठोक्यांपासून 'द ग्रेट गिग इन द स्काय'मधल्या गायिका क्लेअर टोरीच्या आवाजापर्यंत एकच वस्तू आहे, आणि दुसरी 'मनी'च्या गल्ल्यापासून सुरू होऊन पुन्हा ठोक्यांवर येते. मार्विन गेचंही तेच.

व्हाइट अल्बमची चौथी बाजू मुद्दाम या पद्धतीने ऐका. 'रेव्होल्यूशन ९'ची आठ मिनिटं तुम्ही दात-ओठ खात काढता आणि लगेच 'गुड नाइट' येतं. बीटल्सचा ड्रमवादक रिंगो याचा साधा, थोडासा बुजरा आवाज, मागे निर्माता जॉर्ज मार्टिनने बांधलेली तंतुवाद्यं. हीच अंगाई याच बाजूवरच्या 'हनी पाय'नंतर आली असती तर गुळचट वाटली असती. तिथे ती औषध आहे. ते २ गुण तुम्ही 'गुड नाइट'च्या खात्यातून वजा केलेत.

---

मोनोच_बरा

वरच्या प्रतिसादाशी बराचसा सहमत. पण रोजमेळताई, गुण कशाला देताय हे आधी लिहा. म्हणजे कोणत्या आवृत्तीला?

व्हाइट अल्बमचंच बघा. स्टिरिओत (डावा-उजवा आवाज वेगळा) 'हेल्टर स्केल्टर' विरतं, परत येतं आणि शेवटी रिंगो बोटांना फोड आल्याचं ओरडून सांगतो. मोनो मिश्रणात (सगळा आवाज एकाच वाटेने) ते एकदाच विरतं आणि गेलं. ओरडणं नाही. 'सार्जंट पेपर'मधलं 'शीज लीव्हिंग होम' मोनोत जलद आणि वरच्या पट्टीत आहे, स्टिरिओत रेंगाळतं. बीटल्सनी स्वतः वेळ घालवला तो पेपरच्या मोनो मिश्रणावर. स्टिरिओ नंतर स्टुडिओतल्या मंडळींनी त्या मानाने झटपट उरकलं. तुम्ही ज्याला रटाळ म्हणून कमी गुण द्याल ते कदाचित दुसरंच गाणं असेल.

बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' (१९६६) तर मुळात मोनोच. बँडचा म्होरक्या ब्रायन विल्सन याला उजव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नव्हतं, त्याच्या डोक्यात जग एकाच कर्ण्यातून बाहेर पडणारं. खरं स्टिरिओ मिश्रण १९९७ साली आलं. ते ऐकायला सुंदर आहे, प्रत्येक वाद्य वेगळं मोजता येतं. पण बॅस हार्मोनिका, ॲकॉर्डिअन आणि पियानो एकमेकांत मिसळून जे चौथंच वाद्य तयार व्हायचं ते त्यात हरवतं. मी मोनोला १० देतो, स्टिरिओला ८.

आणि बीटल्सचा 'रिव्हॉल्व्हर' इंग्लंडात चौदा गाण्यांचा, अमेरिकेत अकराच गाण्यांचा. काढलेली तिन्ही गाणी जॉन लेननची. अमेरिकन प्रत ऐकणाऱ्याला १९६६ सालचा लेनन अर्धवटच भेटला.

सर्वांत मोठा वैताग बोनस ट्रॅकांचा. फ्लीटवुड मॅकचा 'रूमर्स' (१९७७) काढताना त्यांच्यातल्या स्टीव्ही निक्सचं 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' जागेअभावी बाहेर ठेवलं आणि 'गो युवर ओन वे'च्या सिंगलच्या मागच्या बाजूला टाकलं. ज्या गाण्यात तिच्या आधीच्या जोडीदाराने, बँडमधल्याच बकिंगहॅमने, तिला ऐकवलं, त्याच तबकडीच्या पाठीवर तिचं उत्तर! गाणं अप्रतिम आहे, वाद नाही. पण २००४ च्या आवृत्तीत ते 'साँगबर्ड' आणि 'द चेन'च्या मधे घुसवलंय. 'साँगबर्ड'वर बाजू संपायची. क्रिस्टीन मॅकव्ही पियानोवर. मग शांतता. मग उलटल्यावर 'द चेन'चा तो ढोल. आता मधे पावणेपाच मिनिटांचा पाहुणा. गुण त्या मूळ अकरा गाण्यांनाच द्या, पाहुण्याला वेगळं पान.

---

तिरकस

नमस्कार पोचला, तरी बोलतो.

तुमचा ६.९ आणि ८.० मधला फरक मला समजतो. पण ८.४ आणि ८.९? दशांशाचा गुण म्हणजे कानाला नसलेली अचूकता वहीला देणं. रॉबर्ट क्रिस्टगाव या समीक्षकाने १९६९ पासून 'कन्झ्युमर गाइड' चालवला तो अक्षरी श्रेण्यांवर, आणि त्यातही त्याचे दोन-चार ओळींचे शेरेच लोक वाचायचे. तुम्हीही आकडा हवा तर पूर्ण लिहा, दशांश नको, आणि शेजारी एक वाक्य लिहा. पुढच्या वेळी ऐकताना ते वाक्य कामाला येतं, आकडा येत नाही.

दुसरं, पहिल्या श्रवणाला गुण देऊच नका. जोनी मिचेलचा 'ब्लू' (१९७१) मला प्रथम ऐकला तेव्हा एका बाईचा उंच आवाज आणि विचित्र लागलेली गिटार यापलीकडे काही कळलं नव्हतं. त्या गिटारीच्या तारा नेहमीच्या सुरांत लावलेल्याच नसतात, म्हणून हात कुठे पडतोय याचा अंदाज बांधता येत नाही, हे नंतर उमगलं. 'अ केस ऑफ यू' डोक्यात रुजायला वेळ लागला आणि मग निघेना. उलट काही अल्बम पहिल्या भेटीत दहा मिळवतात आणि तिसऱ्या भेटीत सगळं बोलून झालेलं असतं. नावं घेत नाही, इथे भांडणं होतील.

ऐतिहासिक महत्त्व धरायचं का विचाराल तर माझं उत्तर सरळ 'नाही'. महत्त्व ही नंतर लागणारी चव आहे. द झॉम्बीज यांचा 'ओडिसी अँड ऑरॅकल' १९६८ मध्ये बाहेर पडला तेव्हा बँड मोडलेलाही होता. कव्हरवर 'ओडिसी'चं स्पेलिंग चुकलेलं. कोणी फारसं विचारलं नाही. पुढच्या वर्षी 'टाइम ऑफ द सीझन' अमेरिकेत चाललं, तेव्हा ते मंचावर सादर करायला बँडच नव्हता. आज तोच अल्बम 'क्लासिक'. १९६८ साली गुण देणाऱ्याने महत्त्वाच्या रकान्यात शून्य लिहिलं असतं. तुमच्या २००३ आणि २०२० च्या कोड्याचं उत्तरही तेच. मत देणारी माणसं बदलली. पायऱ्या पेपर उतरला नाही, जिना हलवला.

---

रोजमेळ

सगळ्यांचे आभार. बाजूंची पद्धत लावून बघितली. दशांश बंद केले (हात शिवशिवतो, पण बंद). एक वाक्य लिहिते.

व्हाइट अल्बम, स्टिरिओ, चार बाजू: ९, ७, ९, ८. दुसरी बाजू मला अजूनही विस्कळीत वाटते. 'ब्लॅकबर्ड'च्या पाठोपाठ 'पिगीज' आणि 'रॉकी रकून', म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने चिमटा काढला. तिसरी बाजू मात्र नव्याने सापडली. 'हेल्टर स्केल्टर'चा दंगा, रिंगोचं ओरडणं, आणि लगेच जॉर्ज हॅरिसनचं 'लाँग, लाँग, लाँग', इतकं हळू की आवाज वाढवायला हात जातोच. शेवटी कसलासा थरथराट आणि एक विव्हळ. हे गाणं माझ्या जुन्या वहीत ६ वर होतं.

'वाइल्ड हनी पाय' आता त्रास देत नाही. 'ओब-ला-दी'चा गोडवा पुसायला ते एक मिनिट लागतं.

'थ्रिलर': ७ आणि ९. पहिली बाजू 'द गर्ल इज माइन'मध्ये अडकते. दोन मोठे गायक एका मुलीवरून लुटुपुटीचं भांडतायत आणि कोणालाच जिंकायची घाई नाही. दुसरी बाजू 'बीट इट', 'बिली जीन', 'ह्यूमन नेचर' अशी सुरू होते, तिच्यापुढे कोण टिकणार.

डार्क साइड: ९ आणि १०. आता सीडीवाल्याने खूण कुठेही मारावी.

@मोनोच_बरा, 'पेट साउंड्स' मोनोत ऐकला. तुमचा १० मला पटत नाही, माझे ८. 'स्लूप जॉन बी' तिथे काय करतंय? बाकी सगळा अल्बम मोठं होण्याच्या धास्तीबद्दल बोलतोय आणि मधेच बोटीवरचं लोकगीत. बाजूच्या शेवटी बसवलंय म्हणून तर आणखीनच खुपतं. हिट सिंगल होतं म्हणून घातलं असणार.

@तिरकस, जिना पटला. पण 'सार्जंट पेपर'ला माझे ८ आणि ९ आहेत, महत्त्व न धरता.

आता अडचण पुढची. बाजू हे एकक मान्य केलं, तर सीडीच्या जमान्यातल्या अल्बमांचं काय? रेडिओहेडचा 'ओके कॉम्प्युटर' (१९९७) त्रेपन्न मिनिटांचा. त्याला कुठे कापू?

---

मोनोच_बरा

'स्लूप जॉन बी'वर बोलणार नाही. म्हणजे बोलेन, पण वेगळा धागा काढून.

---

बाजू_दुसरी

'ओके कॉम्प्युटर' तबकडीवरही आला होता, जोडअल्बम म्हणून, चार बाजूंचा. पण सीडीवर ऐकलात तरी कापायची जागा दिसते. बारा ट्रॅक, सातवा 'फिटर हॅपिअर'. संगणकाचा सपाट आवाज चांगल्या आयुष्याची यादी वाचतो, मागे पियानो आणि गुरगुर. त्याच्या आधीची सहा गाणी 'कर्मा पोलीस'वर संपतात आणि त्याचा शेवट अक्षरशः आवाजाच्या भोवऱ्यात विरघळतो. तोच पहिला अंक. संगणकाचा आवाज हा मध्यंतर. मग 'इलेक्शनिअरिंग' धडकतं.

सगळ्या सीड्या इतक्या शहाण्या नाहीत. सीडीत चौऱ्याहत्तर मिनिटं मावतात म्हटल्यावर लोकांनी ती भरली, आणि नव्वदीतल्या कित्येक अल्बमांची शेवटची चार गाणी केवळ जागा होती म्हणून आहेत. त्यांच्याबाबतीत मी इतकंच बघतो: ऐकताना कोणत्या गाण्याला मी घड्याळाकडे पाहिलं. तिथे रेघ. रेघेच्या अलीकडे एक आकडा, पलीकडे एक.

---

तिरकस

म्हणजे 'फिटर हॅपिअर'ला गुणच नाहीत? सोयीचं आहे.

---

बाजू_दुसरी

आहेत की. 'इलेक्शनिअरिंग'ला जे मिळतात त्यात त्याचा वाटा आहे.

---

रोजमेळ

हे खातेबदल झालं, पण चालेल. घड्याळाची रेघही उचलते, नव्वदीसाठी उपयोगी पडेल.

पुढचा रोलिंग स्टोन्स या बँडचा 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट' (१९७२) काढलाय. अठरा गाणी, चार बाजू, दक्षिण फ्रान्समधल्या बंगल्याच्या तळघरात बरंचसं मुद्रण. पहिली बाजू ऐकली आणि मिक जॅगर काय गातोय ते निम्मं कळलंच नाही, आवाज इतका आत पुरलेला आहे. ही प्रतच खराब की असंच आहे?

---

बाजू_दुसरी

असंच आहे. शब्दांचा नाद सोडा. दुसरी बाजू रात्री ऐका, 'स्वीट व्हर्जिनिया' ते 'लव्हिंग कप', चारच गाणी, बहुतेक लाकडी गिटारी आणि पियानो. आकडा त्यानंतर लिहा. पहिल्या बाजूचा लिहिला असेल तर खोडू नका, शेजारी दुसरा लिहा.